ओतोची बाजू

"पान नऊ उघड. वरची डावीकडची चौकट. किनाऱ्यावरचा दगड दिसतोय का?"

शुक्रवारी दुपारी सव्वा वाजता, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी डबा उघडते न उघडते तोच अण्णांचा फोन आला होता. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट पान नऊ.

"अण्णा, मी जेवतेय."

"जेव ना. एका हातानं जेव, एका हातानं पान उघड. मागच्या वेळी हा दगड बेटाच्या टोकापासून साडेतीन सेंटिमीटरवर होता. आता चार पूर्णांक दोन. मी पट्टी लावून बघितलंय."

"चित्र आहे ते! माणूस हातानं काढतो. दर आठवड्याला वीस पानं काढायची असतात त्याला. इकडे-तिकडे होणारच."

"सात मिलिमीटर इकडे-तिकडे होत नसतं, हेमा. सात मिलिमीटरवर मी लोकांना कोर्टात जाताना पाहिलंय."

मी फोन ठेवला. भाजी निवली होती.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. तेव्हा मी पुण्यात एका विमा कंपनीत नोकरी करत होते आणि उरलेल्या वेळात एक ग्रुप चालवत होते. 'काळा नांगर' नावाची एक जपानी चित्रमालिका आहे, मांगा म्हणतात तिला. समुद्री चाच्यांची गोष्ट. दर शुक्रवारी तिचा नवा चॅप्टर यायचा आणि आमच्या ग्रुपवरची साडेचारशे मराठी माणसं त्यावर तुटून पडायची. पुढे काय होणार, कोण मरणार, कोणाचा बाप कोण, यावर प्रत्येकाची थिअरी असायची. ग्रुपवर कोणी खरं नाव लावत नसे. मी होते 'लाटकरीण'. माझ्याबरोबर ग्रुप सांभाळणारी तस्नीम सोडली, तर माझं खरं नावसुद्धा तिथे कोणाला माहीत नव्हतं. मला ते फार आवडायचं. जगात एवढी एकच जागा होती, जिथे मी कोणाची कोणी नव्हते.

आणि तिथे अण्णा आले.

माझे वडील दिगंबर आवटे बार्शीला राहतात. भूमी अभिलेख खात्यात त्यांनी एकतीस वर्षं सर्व्हेअर म्हणून जमिनी मोजल्या. निवृत्त झाल्यावर दोन महिने त्यांनी घरातल्या खिडक्या मोजल्या, आईच्या फडताळाचे कप्पे मोजले, आणि मग दिवाळीत मी घरी विसरलेले 'काळा नांगर'चे चार खंड त्यांच्या हाती लागले. जपानी पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचतात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पहिला खंड त्यांनी मागून पुढे वाचला आणि मला फोन केला, "गोष्ट बरी आहे. पण सगळं आधी घडतं आणि कारण नंतर कळतं."

त्याआधीची चार वर्षं आमच्यात बोलणं असं नव्हतंच. 'जेवलीस का', 'पोचलीस का', 'आईला देतो'. एवढंच. त्याला कारण होतं, पण त्या कारणाबद्दल आम्ही दोघंही बोलत नव्हतो. आता मात्र रोज फोन. शेवटी आईच म्हणाली, "घे गं त्यांना तुझ्या त्या ग्रुपवर. मला सकाळी पोहे करताना जहाजाची शिडं समजावून सांगतात."

मी तीन अटी घातल्या. आडनाव लावायचं नाही. मी तुमची मुलगी आहे हे कोणाला सांगायचं नाही. आणि ग्रुपवर माझ्याशी बोलायचं नाही.

"का गं?" अण्णांनी विचारलं.

"तिथे तशीच पद्धत आहे."

"बरं," ते म्हणाले, आणि 'बार्शीकर' या नावानं दाखल झाले.

ते दाखल झाले आणि नेमका तेव्हाच ओतोचा घोळ झाला. ओतो ही जहाजावरची नकाशे काढणारी मुलगी. तीनशे अकराव्या चॅप्टरमध्ये जहाज मुक्या बेटाकडे निघालं, ओतोनं काढलेल्या नकाशाप्रमाणे गेलं आणि खडकावर आपटून फुटलं. शेवटच्या पानावर कप्तान तिला विचारतो, हे कसं झालं? ती खाली मान घालून म्हणते, "मीच केलं." बस. चॅप्टर संपला. त्यानंतर मासिकाला तीन आठवड्यांची सुट्टी.

तीन आठवडे! ग्रुपवर नुसता आगडोंब. ओतो नौदलाला फितूर झाली. ती ओतो नव्हेच, तिची जुळी बहीण आहे. तिच्यावर औषधाचा अंमल आहे. मी मतदान लावलं : 'ओतो : गद्दार की मूर्ख?' तीनशे सोळा मतं गद्दार. त्यातलं पहिलं माझं.

आणि एकट्या बार्शीकरांनी सकाळी सात वाजता एकोणीस मुद्द्यांचं टिपण टाकलं. शीर्षक : 'मुक्या बेटाची फेरमोजणी'. मुद्दा एक, नकाशा चुकीचा नाही. मुद्दा दोन, ज्या मूळ दगडापासून ओतोनं अंतरं धरली, तो दगड तिच्या नकळत कोणीतरी सरकवला आहे. पुढचे सतरा मुद्दे नुसते आकडे. शेवटी, 'सबब सदर मुलीस दोष देणे घाईचे होईल. हरकती असल्यास कळवाव्यात.'

हरकती आल्या. दोनशे हसरे चेहरे आले. निहार नावाचा एक मुलगा ग्रुपवर फार बडबड करायचा, त्यानं लिहिलं, 'काका, ओतोचा सातबारा पण काढा.' अण्णांनी त्याला गंभीरपणे उत्तर दिलं की, बेट कोणाच्या मालकीचं आहे हे अजून कथेत स्पष्ट झालेलं नाही. मग तर लोक आणखीच चेकाळले. 'हा म्हातारा आहे कोण?' कोणीतरी मला थेट विचारलं. 'लाटकरीण, तू ओळखतेस का?'

मी लिहिलं, 'असेल कोणीतरी.'

आणि तेवढ्यावर थांबले नाही. इतकी वैतागले होते, की त्या दुपारी मी एक स्टिकर बनवलं. टक्कल असलेला एक म्हातारा, पुढ्यात मोजणीचं टेबल, टेबलावर चाच्याची टोपी. खाली अक्षरं : मोजणीकाका. दहा मिनिटांत ते सगळीकडे झालं. अण्णांनी काही लिहिलं की त्याखाली स्टिकर. त्यांनी 'शुभ सकाळ' लिहिलं तरी स्टिकर.

अण्णा एका अक्षरानं चिडले नाहीत. त्याचाही मला रागच आला.

नवा चॅप्टर यायच्या आधीच्या रविवारी आम्ही पुण्यात ग्रुपचं संमेलन ठरवलं. डेक्कनजवळच्या एका कॅफेचा वरचा मजला, सकाळी अकरा, ज्याला थिअरी मांडायची त्याला दहा मिनिटं. पंचवीस-तीस जणांनी नावं दिली. बुधवारी यादीत एकतिसावं नाव आलं : बार्शीकर.

मी ताबडतोब फोन लावला. "अण्णा, कशाला? पाच तास एसटीत बसून यायचं आणि दहा मिनिटं बोलायचं?"

"एवढी मोजणी केलीय, ती कोणाला तरी दाखवायला नको?"

"तिथे सगळी विशी-पंचविशीतली मुलं आहेत. हसतील तुम्हाला."

"आत्ता काय करतायत?"

"मला चालणार नाही, अण्णा."

ते म्हणाले, "तुझ्या अटी माझ्या लक्षात आहेत. काळजी करू नकोस."

रविवारी ते अकराला पाच कमी असताना आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत पुठ्ठ्याची लांब नळी. हातात आईनं जुन्या पडद्याच्या कापडाची शिवलेली पिशवी. ती पाहूनच मी ओळखलं, आत शेंगाचटणी असणार, माझ्यासाठी. मी दारातच यादी घेऊन उभी होते. ते माझ्यासमोर आले. मी काय बोलावं याचा विचार करत होते, तेवढ्यात तेच म्हणाले,

"नमस्कार मॅडम. मी बार्शीकर. सही कुठे करायची?"

मी बोट दाखवलं. त्यांनी सही केली, "आभारी आहे" म्हणाले, आणि मागच्या रांगेत जाऊन बसले. पिशवी खुर्चीखाली ठेवली.

माझे वडील इतका चांगला अभिनय करू शकतात हे मला माहीत नव्हतं. पुढचा तासभर त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चहा वाटत मी त्यांच्यापर्यंत गेले तेव्हा म्हणाले, "मला बिनसाखरेचा असेल तर द्या, मॅडम. नसेल तर राहू द्या." त्यांना साखर झाली आहे हे मला तिथे, तसं कळलं.

त्यांची पाळी आली तेव्हा निहार सूत्रसंचालन करत होता. उंच, हजरजबाबी, तसा वाईट मुलगा नव्हता. पण मंडळी हसतायत म्हटल्यावर त्याला आवरायचं नाही. "आणि आता," तो म्हणाला, "ज्यांची तुम्ही सगळे वाट बघताय!" त्यानं पडद्यावर माझं स्टिकर मोठं करून लावलं. सगळे ओरडले, "मोजणीकाका! मोजणीकाका!"

अण्णा पुढे गेले. पडद्याकडे नीट बघून म्हणाले, "हा मी का? छान आहे. फक्त टेबलाला चार पाय काढलेत. मोजणीच्या टेबलाला तीनच असतात. कोणी काढलंय?"

"आमच्या अॅडमिन मॅडमनी," निहार म्हणाला.

अण्णांनी त्या तासाभरात पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. अगदी क्षणभर.

"असं का," ते म्हणाले. "छान आहे हो, मॅडम."

मग त्यांनी नळीतून पारदर्शक कागद काढले. चाळिसाव्या, एकशे सत्त्याऐंशीव्या आणि तीनशे नवव्या चॅप्टरमधला बेटाचा किनारा त्यांनी तीन कागदांवर एकाच मापात उतरवला होता. एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. तिन्ही किनारे तंतोतंत जुळत होते. फक्त दगड तीन जागी होता. मुलं हसायची थांबली, दोघं-तिघं उठून काचेजवळ गेली. तस्नीम माझ्या कानात म्हणाली, "अगं, हे भारी आहे."

"पण काका," निहारनं हट्ट सोडला नाही, "ओतो स्वतःच सांगतेय ना, मीच केलं म्हणून? आता अजून काय पाहिजे?"

"माणसं कबूल करतात हो. समोरचा जोरात विचारत असला की काहीही कबूल करतात."

"पण तुम्हाला एवढी काय पडलीय तिची? सगळा ग्रुप एकीकडे, तुम्ही एकटे एकीकडे. पाच तास प्रवास करून आलात. एका चित्रातल्या मुलीसाठी?"

पुन्हा हशा झाला. अण्णा कागद गुंडाळत होते. गुंडाळता गुंडाळता थांबले.

"आमच्याकडे एका घरातली गोष्ट सांगतो," ते म्हणाले. "एक मुलगी होती. हुशार. सरकारी अधिकारी व्हायची परीक्षा द्यायची म्हणून तीन वर्षं अभ्यास केला. बापाची फार इच्छा. मुख्य परीक्षेच्या दिवशी ती घरातून निघाली आणि परीक्षेला बसलीच नाही. संध्याकाळी घरी येऊन सांगितलं. बापानं विचारलं, का? ती म्हणाली, माझी मर्जी. झालं. बापानं तिथेच निकाल लावला, हिनं आपल्याला फसवलं. घरात बोलला, पाहुण्यांत बोलला, चार लोकांत बोलला. फसवलं, फसवलं."

मी हातातली यादी घट्ट धरून ठेवली होती.

"तो बाप मोजणी खात्यातला होता. बांधाचं भांडण आलं तर दोन्ही शेतांतून मोजायचं असतं. एका बाजूला उभं राहून हद्द ठरवायची नाही, हे त्यानं हजार लोकांना सुनावलं असेल. आणि स्वतःच्या पोरीच्या बाजूला जाऊन तो एकदाही उभा राहिला नाही. चार वर्षांनी तिची पुस्तकं चाळताना हे त्याच्या ध्यानात आलं. म्हणून म्हणतो, या ओतोचं आधी मोजून बघू. मग गद्दार म्हणा."

"मग त्या बापानं पुढे काय केलं?" तस्नीमनं विचारलं. तिला काही माहीत नव्हतं.

"काही नाही. बाप आहे तो. टेबल कुठे लावायचं ते शोधतोय अजून."

कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवल्या. अण्णा नळीचं झाकण लावून आपल्या खुर्चीकडे निघाले. निहार पुढच्याचं नाव पुकारणार, तेवढ्यात मी बोलले.

"निहार, थांब. ते स्टिकर काढ."

"अगं, तूच तर—"

"मीच केलंय. काढ ते. हे माझे वडील आहेत."

निहारचा चेहरा उतरला. "सॉरी काका," तो पुटपुटला.

आणि अण्णा? अण्णा भडकले! "हेमा, अगं काय हे? ठरलं होतं ना सांगायचं नाही म्हणून? मी सकाळपासून मॅडम मॅडम करून थकलो आणि तू सगळ्यावर पाणी ओतलंस!"

संमेलन संपल्यावर मी त्यांना स्वारगेटला सोडायला गेले. बार्शीची गाडी अडीचला होती. फलाटावरच्या बाकावर आम्ही बसलो, मध्ये ती पडद्याच्या कापडाची पिशवी. बराच वेळ दोघंही गाड्यांचे बोर्ड वाचत होतो.

"का बसली नाहीस, ते सांगायचं असेल तर सांग," अण्णा म्हणाले. "नसेल तर राहू दे."

ओतोसाठी त्यांनी सरकलेला दगड शोधून ठेवला होता, तसं काहीतरी कारण मला सांगता आलं असतं. तब्येत बिघडली, दडपण आलं, कोणी काही बोललं. त्यांनी ते आनंदानं मानलं असतं. पण मला त्यांच्याशी आणखी खोटं बोलवेना.

"मला नकोच होतं ते, अण्णा. पहिल्या वर्षीच कळलं होतं. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून पुढची दोन वर्षं अभ्यासाचं सोंग केलं. त्या दिवशी गेटपर्यंत गेले आणि परत फिरले. कोणी काही केलं नाही. मीच केलं."

अण्णा माझ्याकडे वळले.

"म्हणजे फसवलंसच की."

"हो."

"मग मी बोललो त्यात चुकलं काय?"

मी कपाळाला हात लावला. चार वर्षांनी हा माणूस माझ्या बाजूला येऊन उभा राहिला, आणि पाच मिनिटांत पुन्हा आपल्या शेतात! मला इतका संताप आला, की मी उठूनच उभी राहिले.

"बस," ते म्हणाले. "बस खाली. मोजतोय मी."

मी बसले. बार्शीची गाडी लागली. माणसं दाराकडे धावली, तरी अण्णा उठेनात.

"गावाला सांगायला नको होतं," शेवटी ते म्हणाले. "आणि तू मला सांगू शकली नाहीस, म्हणजे मी तसा होतो. एवढं माझं. बाकीचं तुझं."

"मान्य," मी म्हणाले.

त्यांनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "चटणी उन्हात ठेवू नको," म्हणाले, आणि गाडीत चढले. खिडकीजवळची जागा मिळाली नाही म्हणून कंडक्टरशी भांडताना मला दिसत होते.

शुक्रवारी तीनशे बारावा चॅप्टर आला. ओतोनं नकाशा मुद्दाम चुकवला होता. जहाजानं त्या बेटावर पोचू नये, असं तिला वाटत होतं, आणि ते कप्तानाला तोंडावर सांगायची तिची हिंमत झाली नव्हती. दगडाचा कोणी उल्लेखसुद्धा केला नाही. दगड चित्रकारानं नुसताच इकडे-तिकडे काढला होता. अण्णांची एकोणीस मुद्द्यांची मोजणी पूर्ण पाण्यात गेली होती.

मी चॅप्टर दोनदा वाचला. डोळे पुसले. बिचाऱ्यांना वाईट वाटलं असेल, म्हणून मीच फोन लावला.

"वाचलंत?"

"वाचलं. चुकलंय."

"हो अण्णा, चुकली थिअरी. असू दे. सगळ्यांचीच चुकते."

"माझी नाही गं! लेखकाचं चुकलंय. इतकी चांगली मोजणी तयार होती आणि त्यानं सोडून दिली. तुमच्या ग्रुपवर जपानी येणारं कोणी आहे का? त्याला पत्र लिहायचंय. मसुदा मी केलाय, सहा पानी."

"अण्णा, लेखकाला कळत नाही आणि तुम्हाला कळतं?"

"त्यानं कधी हातात मोजणीची साखळी धरलीय का?"

"तुम्ही कधी चित्र काढलंय का?"

"त्याचा इथे काय संबंध?"

मागून आईचा आवाज आला, "अहो, तिचं ऑफिस असेल, ठेवा आता!"

"ठेवतो, ठेवतो," अण्णा म्हणाले. "हेमा, फक्त एक मिनिट. पान सात उघड. खालची चौकट."

मी डब्याचं झाकण लावलं आणि पान सात उघडलं.